दाजी, सोडू का?

"जे दिसेल ते दिसू द्या, जालिंदरराव. धरून ठेवू नका. सोडा. सगळं सोडून द्या..."

डॉक्टर मगदूम मॅडमचा आवाज असा मऊ, की कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून माझेच डोळे जड व्हायला लागले होते. आणि तेवढ्यात आमचे हे पलंगावरून ताडकन उठले. डोळ्यांवरची काळी पट्टी कपाळावर सरकलेली, हातातल्या सुईची नळी ताणलेली, सलाईनचा स्टँड हेलकावे खातोय आणि तोंडानं एकच, "न्हाई! सोडू नको! ए, सोडू नको म्हणतोय न्हवं!"

मी धावले. मला वाटलं, माणूस घाबरलंय, मला एकटं टाकू नको म्हणतंय. मी त्यांचा हात दोन्ही हातांनी गच्च धरला आणि कानाशी ओरडले, "न्हाई सोडत! मी हाय हितं. तुमाला सोडून कुटं जात न्हाई मी!"

झालं. आगीत तेल. त्यांनी मला असा हिसडा दिला की मी जाऊन भिंतीवर आदळले. ग्रेस सिस्टरनं नळी बंद केली, मॅडमनी खांदे धरून त्यांना हळूहळू आडवं केलं. ते भिंतीकडं तोंड करून, पाय पोटाशी घेऊन पडले. मी कोपर चोळत उभी. मनात म्हणलं, मालन, तू ह्यांना बरं करायला आणलंस का मारायला?

हे मिरजेला घडलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. पण अजून कुणी विचारलं की तिथं नेमकं काय झालं, तर मला सरळ सांगता येत नाही. झालं तसं सांगते.

आमचे हे लाइनमन. आमच्या भागात लाइट गेली की लोक आधी ह्यांना फोन लावायचे, मग देवाचं नाव घ्यायचे. ताटावरून उठून जायचे बिचारे. माझा धाकटा भाऊ हणमंत शिकून घरात रिकामा बसला होता, त्याला ह्यांनीच कंत्राटावर आपल्या हाताखाली लावून घेतला. दिवसभर "दाजी, दाजी" करत मागं मागं. दोघांचं असं गूळपीठ, की मी चेष्टेनं म्हणायची, "अहो, लगीन माझ्याशी झालंय का माझ्या भावाशी?"

एकदा वादळात मळ्यातली तार तुटली. हणमंत खांबावर चढला, हे खाली. लाइन बंद केलेली होती. काम चालू असतानाच सबस्टेशनवरच्या शेंडगेनं, माझ्या माहेरच्याच गावातल्या पोरानं, लाइन चालू केली. हणमंत पट्ट्याला तसाच लटकून राहिला, आणि हे खाली उभे राहून बघत होते.

शेंडगे म्हणाला, "मला फोनवर सांगितलं म्हणून मी चालू केली." आता मला सांगा, माणूस खांबावर असताना असं कोण सांगेल? स्वतःची कातडी वाचवायला पोरगं खोटं बोलतंय, असं सगळं गाव म्हणालं. चौकशीला आलेल्या साहेबांनी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "मला काय आठवत न्हाई." तेवढंच. शेंडगेची नोकरी गेली. माझी आई त्याच्या नावानं बोटं मोडायची, ती काही थांबली नाही.

आणि त्या दिवसापासून आमच्या घरात लाइट नाही. मी मेन स्विच वर केला की हे उठून खाली करणार. लाइनमनच्या घरात रॉकेलची चिमणी! लोक तोंडावर हसायचे. पोरगी शेजारणीच्या ओट्यावर बसून अभ्यास करायची. ह्यांचं कामावर जाणं बंद, बोलणं बंद, झोप तर नावालासुद्धा नाही. माझ्या माहेरच्या दारात पाऊल टाकायचं बंद केलं. मला वाटायचं, हणमंतचं दुःख आहे, आईकडं बघवत नसेल.

मग एका सकाळी मी त्यांना डीपीपाशी, गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, बघितलं. कुंपणाच्या आत. हात पुढं केलेला. मी डोक्यावरची कळशी टाकली, धावत गेले आणि मागून कमरेला मिठी मारून ओढलं. ते म्हणाले, "काय न्हाई, बघत हुतो."

लाइनमन डीपीकडं काय बघतो? त्याच दिवशी मी ठरवलं. भाऊ गेला, तो काही परत येणार नव्हता. नवरा मी जाऊ देणार नव्हते.

देवऋषी झाला, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी झोपायचे, पण झोपेतनं ओरडत उठायचे. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी मिरजेला मगदूम मॅडमकडं पाठवलं. मॅडमनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की भूल द्यायला वापरतात ते केटामिन नावाचं जुनं औषध आहे, ते अगदी थोडं, सलाईनमधून हळूहळू द्यायचं. माणूस झोपत नाही, पण स्वतःपासून जरा लांब जातो. स्वप्नासारखं काही काही दिसतं.

"गांजासारखं?" मी विचारलं.

"गांजा नाही हो."

"मग दारूसारखं?"

"दारूसारखंही नाही."

"मॅडम, खरं सांगा. नशाच हाय न्हवं?"

मॅडम हसल्या. "नशा म्हणा हवं तर. पण दवाखान्यातली, मोजूनमापून, मी शेजारी बसलेली असताना. हे बघा मालनताई, गाडीवाटेवर चाकोरी पडते ना? बैल कितीही नको म्हणाला तरी चाक त्याच चाकोरीत जातं. ह्यांचं मन तसं त्या खांबापाशीच जातंय. ह्या औषधानं ती माती थोडा वेळ मऊ होते, असं आम्हाला दिसतंय. तेवढ्या वेळात दुसरी वाट पाडता येते. परदेशात अळंब्यांतल्या औषधावरही असे प्रयोग चालू आहेत. आपल्याकडं कायद्यानं हे केटामिनच देता येतं. गुण येईलच, अशी खात्री मात्र मी देत नाही."

अळंब्यांचं कालवण आम्ही दर वर्षी खातो, त्यानं कुणाचं डोकं ठिकाणावर आलेलं मी बघितलेलं नाही. पण हे मी मनातच ठेवलं. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय?

तर ती पहिली खेप अशी बोंबलली. हे आतल्या खोलीत गप पडून होते आणि मॅडमनी मला नि ग्रेस सिस्टरला आपल्या केबिनमध्ये बोलावलं.

"सगळं चांगलं चाललं होतं," मॅडम म्हणाल्या. "ते उठले तेव्हा मी नेमकं काय बोलत होते?"

"रोजचंच, मॅडम," ग्रेस म्हणाली. "धरून ठेवू नका, सोडा."

"सोडा," मॅडम स्वतःशीच पुटपुटल्या. मग माझ्याकडं वळल्या. "मालनताई, सोडा म्हटलं की घरी पण त्यांना असा त्रास होतो का?"

मी तडकलेच. "आमचं हे पीत न्हाईत, मॅडम! सोडाबिडा आमच्या उंबऱ्याच्या आत येत न्हाई!"

ग्रेसनं तोंडावर हात घेतला. खांदे हलायला लागले तिचे. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "तो सोडा नाही हो. सोडणं. सोडून देणं. हा शब्द."

मग मला आठवलं. पोरगी एकदा म्हणाली होती, "आई, माझी वेणी सोड," आणि हे ताटावरून उठून गेले होते. मला वाटलं, आमटी खारट झाली. शेजारचे अण्णा म्हणाले, "मालन, गाय सोड की गं चरायला," आणि हे जे बाहेर गेले ते दिवेलागणीला आले. मला वाटलं, अण्णांशी काही बिनसलं असेल. दर वेळी मी आपलं काहीतरी कारण लावून मोकळी.

"पण एवढ्याशा शब्दात काय असणार, मॅडम?"

"मला माहीत नाही. त्यांना माहीत असेल. पुढच्या वेळी तो शब्द मी वापरणार नाही, तुम्हीही वापरायचा नाही. आणि तुम्ही आत बसणार असाल तर काहीही ऐकू आलं तरी उठायचं नाही, हात धरायचा नाही. जमेल?"

"जमल," मी म्हणलं. मला काय माहीत, काय ऐकायचंय ते!

आता आपल्या भाषेत तो एक शब्द टाळून जगून बघा. मी बघितलंय. गाय, दोर, केस, एसटी, शाळा, उपास, पाटाचं पाणी, तव्यावर तेल, सगळ्याला मेला तोच. मी आपली म्हणायची, गाय मोकळी कर. शाळा सुटली, म्हणलं तरी त्याच घरातला शब्द, मग म्हणायची, शाळा संपली. पोरगी म्हणाली, "आई, तू अशी पुस्तकासारखी का बोलायलीस?"

मला वाटलं होतं, हे काही परत मिरजेला यायचे नाहीत. पण जायच्या दिवशी स्वतःच अंघोळ करून, शर्ट घालून बसले.

"जाऊया," म्हणाले.

"नक्की? मागल्या खेपेला काय झालं, ठावं हाय न्हवं?"

"हणमंता दिसला तिथं."

एवढंच बोलले. मी पिशवी हातात घेऊन तशीच उभी. आनंद करू का घाबरू, मला काही उमगेना. मेलेला भाऊ दिसतोय म्हणणाऱ्या नवऱ्याला आपण देवऋषाकडनं काढलं आणि डॉक्टरकडं नेलं, तिथं परत तेच!

दुसऱ्या खेपेला मॅडम फार कमी बोलल्या. "असू द्या," एवढंच अधूनमधून. "आहे तसं असू द्या. मी इथंच आहे." तंबोऱ्यासारखं काहीतरी बारीक वाजत होतं. मी पदराचं टोक मुठीत धरून खुर्चीला चिकटून बसले होते. बऱ्याच वेळानं काळ्या पट्टीखालून पाणी यायला लागलं, गालावरून उशीवर. मग ह्यांचे ओठ हलले.

"लई वारं हाय," ते म्हणाले.

"कुठं आहात तुम्ही?" मॅडमनी हळूच विचारलं.

"वर. खांबावर."

"तुम्ही खांबावर आहात?"

"व्हय. मी वर हाय. हणमंता खाली हाय."

मला वाटलं, चुकतंय. वर हणमंत होता, खाली हे होते. मॅडमनी माझ्याकडं बघून बोट ओठावर ठेवलं.

"हणमंता खाली काय करतोय?"

"फोनवर बोलतोय. शेंडग्याशी. लाइन बंदच ठेव, अजून काम हाय, म्हणतोय." हे थांबले. श्वास जोरात यायला लागला. "माझी तार बांधून झालीया. ज्यानं तार ओढली त्यो दोर हातात हाय, जड हाय. आता दोराचं काय करू? मी वरनं इचारतो, हणमंता, सोडू का?"

त्यांच्याच तोंडून तो शब्द आला. ग्रेस सिस्टरनं मॅडमकडं बघितलं. मॅडम हलल्या नाहीत.

"मग?"

"तो मान वर करतो. फोन कानालाच हाय. मला म्हणतो, सोड."

ते तंबोऱ्याचं तेवढं वाजत राहिलं.

"आन तिकडं शेंडग्या लाइन सोडतो," हे म्हणाले.

लाइन सोडतो. लाइट आली की आम्ही जन्मापासून तेच म्हणत आलोय, लाइट सोडली. दोर हातातून टाकायचा, त्यालाही सोड. हे उलटं सांगत होते. वर माझा हणमंत होता. त्यानं विचारलं होतं, दाजी, दोर सोडू का? आणि खालून ह्यांनी, फोन कानाला तसाच धरून, सांगितलं होतं, सोड. ते हणमंतनं ऐकलं आणि फोनमधून शेंडगेनंही ऐकलं. नियम असा, की माणूस खाली उतरल्यावर सही करून मगच लाइन चालू करायची. पण सगळीकडं फोनवरच चालायचं, आणि कधी काही झालं नव्हतं.

शेंडगे खरं बोलत होता. त्याला सांगितलं म्हणूनच त्यानं लाइन सोडली.

मला उठायचं होतं. ह्यांची कॉलर धरून विचारायचं होतं, की अहो, तुम्ही? तुमच्या तोंडून? पण मॅडमना दिलेला शब्द होता. मी पदराचं टोक दातांत धरलं.

"मग काय होतंय, जालिंदरराव?"

"काय न्हाई." आणि हे हसले. खरंच हसले. "मला काय न्हाई झालं. हणमंता खाली बसून रडतोय. मी त्याला म्हणतो, येड्या, रडू नको. तू दुसरं काय म्हणणार हुतास? दोर हाय तर सोडच म्हणणार. दुसरा शब्दच न्हाई त्याला."

मग बराच वेळ ते रडले. हुंदके देऊन, लहान पोरासारखे. मॅडम शेजारी बसून राहिल्या.

औषध उतरलं तसे उठून बसले. तोंड धुतलं. चेहरा असा झाला होता, जसा लग्नात होता. ग्रेसला म्हणाले, "सिस्टर, चा मिळंल का? आन बिस्किट असलं तर बघा, भूक लागलीया." भूक! ह्या माणसाला! मी किती नवस केले होते ह्या एका वाक्यासाठी. आणि आता ते कानावर पडलं तर मला त्यांच्याकडं बघवेना.

"मालन," ते म्हणाले, "ऐकलंस?"

"ऐकलं."

"मी खाली हुतो."

"कळलं मला." "आठवत न्हवतं म्हणला हुता साहेबाला."

"आठवत हुतं. रोज आठवत हुतं. तोंडातनं येत न्हवतं."

"आन आता आलं?"

"आता हणमंताशी बोललो की मी," ते म्हणाले. इतकं साधं म्हणाले, जसं काही हणमंत बाहेर बाकावरच बसलाय. "त्यो रागावल्याला न्हाई, मालन."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी बाहेर आले, ग्रेस सिस्टर औषधाचा ट्रे घेऊन चालली होती, तिचा हात धरला. "मला पण लावा ते सलाईन."

"अहो ताई..."

"लावा म्हणते ना! ह्यांना भेटला त्यो. ज्यांनी मारला त्यांना भेटला, हसला, माफ करून गेला. मी तेची बहीण. मला का भेटत न्हाई? मला एक डाव तरी तेचं तोंड बघू द्या!"

ग्रेसनं ट्रे बाजूला ठेवला आणि मला बाकावर बसवलं. मी मोकळी रडले. मॅडम येऊन शेजारी बसल्या. मी त्यांना विचारलं, "मॅडम, खरं सांगा. ह्यांना दिसला तो माझा हणमंत हुता का औषध हुतं?"

"मला सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "ते त्यांच्याच मनातलं होतं, एवढं सांगू शकते."

"मग माफी तेंची तेंनीच दिली म्हणा की."

मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "आज घरी जाऊन नीट जेवा, झोपा. आज त्यांनी कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. औषध पूर्ण उतरू द्या."

दुपारच्या एसटीत बसल्या बसल्या हे झोपले. डोकं माझ्या खांद्यावर. तोंड उघडं, बारीक घोरणं. हणमंत गेल्यापासून अशी झोप मी बघितली नव्हती. कंडक्टर तिकीट फाडत आला तरी हलले नाहीत.

"पावणं लई दमल्यात वाटतं," कंडक्टर म्हणाला.

"व्हय," मी म्हणलं.

मला माझा नवरा परत मिळाला होता. तोच तर मागितला होता मी. आणि आता त्याच्या डोक्याचं ओझं खांद्यावर घेऊन मी विचार करत होते, की हे डोकं ढकलून द्यावं का असंच ठेवावं. कधी वाटायचं, एका शब्दाची चूक, कुणाकडूनही झाली असती, माझ्याकडूनही झाली असती. तेच पुढच्या खड्ड्याला वाटायचं, चूक ठीक आहे, पण तोंड शिवून बसला ते? एक पोरगं खोटारडं ठरलं, देशोधडीला लागलं, आणि तुम्ही स्विच खाली करून अंधारात बसलात? आणि लगेच डीपीपाशी पुढं केलेला तो हात आठवायचा, की सगळा राग पाण्यात. असं आत-बाहेर, आत-बाहेर. डोकं नुसतं भणभणून गेलं.

माझं माहेर वाटेवरच. फाटा जवळ आला तसं मला कळलं, की हे मी पोटात ठेवून जगू शकणार नाही. आईला कळलं तर ती मरेल, असंही वाटत होतं. पण मी घंटीची दोरी ओढली. मोठा निर्णय घेऊ नका, असं मॅडमनी ह्यांना सांगितलं होतं. मला कुठं सांगितलं होतं?

"उठा. उतरायचंय."

"आलं व्हय आपलं गाव?"

"आपलं न्हवं. आईचं."

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मला वाटलं, नाही म्हणतील. पण त्यांनी डोळे चोळले, पिशवी घेतली आणि माझ्या आधी खाली उतरले.

आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. ह्यांना बघून तिचा चेहराच उजळला. "अगं बया! पावणं! आज वाट चुकला व्हय? मालन, पाणी दे त्यास्नी. बसा, बसा, बाजेवर बसा."

हे बाजेवर बसले नाहीत. तिच्या समोर जमिनीवर, फोलपटातच बसले.

"मामी, मला सांगायचंय."

"आदी पाणी तरी घ्या."

"न्हाई. आदी सांगतो."

आणि सांगितलं. सरळ, आता वर हणमंत आणि खाली स्वतः. त्यानं काय विचारलं, ह्यांनी काय सांगितलं, फोन कुठं होता. मग साहेबांसमोर काय बोलले, ते. काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही, रडले पण नाहीत. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी राहिले. ह्यांच्या बाजूला जाऊन बसले तर आई एकटी पडते, आईच्या बाजूला बसले तर हे एकटे. मला जागाच सापडेना.

आईचे हात कधीच थांबले होते. ती ह्यांच्याकडं बघतच नव्हती, समोरच्या शेंगांकडं बघत होती.

"म्हंजे शेंडग्याचं पोरगं खरं बोलत हुतं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आन तुमी गप बसला."

"व्हय."

मला वाटलं, आता ही उठून ह्यांच्या थोबाडीत मारणार, नाहीतर आभाळ फाटल्यागत रडणार. दोन्हीची मी तयारी ठेवली होती. तिनं काहीच केलं नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "तेच्या आईच्या दारात मी मूठभर माती फेकून आलीया. तुज्या पोराचं वाटोळं हुईल, म्हणलं. ती म्हातारी नुसती हात जोडून हुबी हुती. घरात या, पाणी घ्या, म्हणत हुती मला."

तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हणमंतसाठी ती इतकी रडली होती, पण हे पाणी वेगळंच होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं, मांडीवरची फोलपटं झटकली, भिंतीला धरून उठली आणि पायात चपला सरकवल्या.

"आई, कुटं?" मी विचारलं.

"शेंडग्यांच्यात. ह्यो सांगंल, मी त्या म्हातारीचं पाय धरीन."

"आई, आज नको. तेंना डॉक्टरनी..."

"तू गप गं." मग ती ह्यांच्याकडं वळली. हे अजून खालीच, मान घालून बसलेले.

"जालिंदरा, ऊठ," आई म्हणाली.

माझं लग्न झाल्यापासून आईनं ह्यांना "पावणं" आणि "तुमी" याशिवाय कधी हाक मारली नव्हती. जावयाचं नाव तिच्या तोंडात येत नसे. असं नाव घेऊन, असं एकेरीत, ती फक्त हणमंतला बोलवायची. आता ती रागानं बोलली, का पोटच्या पोराला बोलतात तसं बोलली, मला कळेना. मी तिच्या तोंडाकडं बघितलं, तिथंही काही दिसेना. ह्यांनाही कळलं नसावं. पण ते उठले, आणि चालायला लागले तिच्या मागून. मी तांब्या खाली ठेवला, दाराला कडी घातली आणि निघाले. आई पुढं दहा वर्षं जगली, आणि जाईपर्यंत त्यांना जालिंदराच म्हणत राहिली.